अनोळखी मृतदेहांची ओळख पटवण्याचं काम: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये रुळांवर एक माणूस सापडतो. खिशात पाकीट नाही, मोबाइल नाही. ठाणे लोहमार्ग पोलीस पंचनामा करतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, मृतदेह शवागारात जातो. त्याच आठवड्यात दिव्यातली एक बाई मुंब्रा पोलीस ठाण्यात नवरा हरवल्याची तक्रार देते. पहिला कागद लोहमार्ग पोलिसांकडे, दुसरा शहर पोलिसांकडे. दोन्ही कागदांवर एकच माणूस असूनही ते दोन्ही कुणा एकाच्या हातात येत नाहीत. काही दिवसांनी शवागारातली जागा रिकामी करावी लागते, पोलीस अंत्यसंस्कार उरकतात आणि ती बाई पुढची कित्येक वर्षं दाराची कडी वाजली की उठून बसते.

हे दोन कागद एकाच डोळ्यांखाली आणणं, हे आपलं काम. गुन्हा शोधणं, मृत्यू कशानं झाला ते ठरवणं, दोषी कोण ते सांगणं हे आपल्याकडे नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यातल्या बहुतेकांची ओळख मोबाइल, पास किंवा ओळखपत्रावरून लवकर पटते. उरतात त्यांच्यासाठी कुणीतरी चिकाटीनं बसायला हवं असतं. तपासी अंमलदाराच्या टेबलावर दहा प्रकरणं असतात. आपल्याकडे वेळ असतो आणि तोच आपण द्यायचा.

हद्द आधी समजून घ्या

नवा माणूस सगळ्यात जास्त हद्दीतच अडकतो. रूळ, फलाट आणि स्टेशनचा परिसर लोहमार्ग पोलिसांचा. आपल्या भागात ठाणे, डोंबिवली, कल्याण, वाशी आणि पनवेल इथे त्यांची पोलीस ठाणी आहेत आणि ती मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तालयाखाली येतात. स्टेशनच्या बाहेरचा रस्ता लागला की शहर पोलीस. ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाण्यासोबत भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतं. शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीणकडे. नवी मुंबई आयुक्तालयात बेलापूर पट्ट्याबरोबर पनवेल आणि उरण येतं. मीरा-भाईंदर २०२० पासून वसई-विरारबरोबर वेगळ्या आयुक्तालयात गेलं आहे. जुन्या नोंदी चाळताना हे लक्षात असू द्या.

खाडी तर कुणाचीच हद्द मानत नाही. वाशी पुलाच्या एका टोकाला नवी मुंबई पोलीस, दुसऱ्या टोकाला मानखुर्द, म्हणजे मुंबई पोलीस. पुलावरून पडलेलं शरीर भरती-ओहोटीबरोबर कुठेही लागू शकतं. उन्हाळ्यात ते एखाद-दुसऱ्या दिवसात वर येतं, थंडीत उशिरा. म्हणून खाडीत सापडलेल्या माणसासाठी फक्त जवळच्या पोलीस ठाण्याची हरवलेल्यांची यादी बघून थांबू नका. ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई, तिन्हीकडे विचारा आणि तारखाही मागे नेऊन बघा.

खाडीकाठच्या कोळीवाड्यांशी ओळख ठेवा. चेंदणी, दिवा-ऐरोली, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे इथले मच्छीमार पहाटे होडी घेऊन निघतात आणि पाण्यातला माणूस अनेकदा आधी त्यांनाच दिसतो. पाण्याचा प्रवाह त्या दिवशी कुठून कुठे होता हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही. ठाण्यात अग्निशमन दल आणि महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल मृतदेह बाहेर काढतं. नेमकी जागा आणि वेळ त्यांच्या नोंदीत मिळते.

जिवंतांपासून सुरुवात करा

हरवलेल्याचं कुटुंब तुमच्याकडे आलं तर शवागाराचा विचार शेवटी करा. गाडीतून पडलेला, रस्त्यावर उडवलेला, फिट येऊन कोसळलेला माणूस बेशुद्धावस्थेत रुग्णालयात ‘अनोळखी’ म्हणून भरती झालेला असू शकतो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं सामान्य रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरुळ आणि ऐरोलीची रुग्णालयं, पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय इथे अपघात विभागात विचारा. गंभीर जखमीला पुढे मुंबईत सायन, केईएम किंवा जे. जे.ला हलवलेलं असतं. मग अपघात ठाण्यात, मृत्यू मुंबईत आणि कागद तिसरीकडे, असंही होतं.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. भटकताना सापडलेली, नाव-गाव न सांगू शकणारी माणसं तिथे उपचार घेत असतात. मानसिक आजार असलेला किंवा विस्मरण झालेला कुणी हरवला असेल, तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना लेखी विनंती करा. रुग्णाची माहिती गोपनीय असते, त्यामुळे ते तुम्हाला यादी देणार नाहीत आणि देऊही नये. तुम्ही हरवलेल्याचा फोटो आणि वर्णन द्यायचं, पडताळून बघणं त्यांच्यावर सोडायचं. चेंबूरचं भिक्षेकरी गृह आणि निराधारांची निवारागृहंही अशीच विचारून घ्या.

परवानगीशिवाय पाऊल टाकू नका

एकट्यानं शवागारात जाऊन ‘मी मदत करतो’ म्हणू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला तुम्हाला आत घेण्याचा अधिकारच नसतो, आणि तुमच्यामुळे त्याची नोकरी अडचणीत येते. मृतदेह रुग्णालयात ठेवलेला असला तरी तो पोलिसांच्या ताब्यात असतो. १ जुलै २०२४ पासून अकस्मात मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. जुन्या कागदांवर तुम्हाला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ दिसेल. काम तेच आहे.

आधीपासून हे काम करणारा गट किंवा अंत्यसंस्कार करणारी संस्था तुमच्या भागात असेल तर काही महिने त्यांच्यासोबत जा. नसेल तर तीन-चार जण मिळून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना पत्र द्या. त्यात तुमची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, आणि नेमकं काय करणार आहात ते लिहा: वर्णनाची नोंद नीट करणं, हरवलेल्यांच्या याद्यांशी ताडून बघणं, जुळण्यासारखं काही दिसलं तर फक्त तपासी अंमलदाराला कळवणं. ‘फक्त’ या शब्दाखाली रेघ मारा. पोलिसांचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो एका फोटोनं जाऊ शकतो.

शवागारात जायची परवानगी मिळाली तर हातमोजे, एन-९५ मास्क, बंद बूट हवेतच. धनुर्वात आणि हिपॅटायटिस-बी ची लस आधी घ्या. पहिल्या वेळी पोटात काही असू द्या आणि कुणीतरी जाणतं बरोबर असू द्या. आत मोठ्यानं बोलू नका, मोबाइल खिशात ठेवा. समोर कुणाचा तरी बाप किंवा लेक आहे. मृतदेहाची विटंबना हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. कायदा नसता तरी आपण असेच वागलो असतो.

खरं सांगायचं तर बहुतेक स्वयंसेवकांना शवागारात जायची गरजच पडत नाही. पंचनामा, कपड्यांचे फोटो आणि शवविच्छेदनातल्या बाह्य खुणांची नोंद, एवढ्यावर आपलं काम होतं. हे सगळं पोलीस दाखवतील तेवढंच बघायचं.

वर्णन: सगळं काम इथेच आहे

पोलीस ठाण्याच्या फलकावरचं नेहमीचं वर्णन असं असतं: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे, उंची ५ फूट ५ इंच, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, केस काळे, अंगात निळा शर्ट, काळी पँट.’ ठाणे स्टेशनच्या फलाटावर संध्याकाळी सात वाजता उभे राहा, या वर्णनाची शंभर माणसं दिसतील. यात खोटं काही नाही. पण हे वाचून कुणाच्या बायकोच्या काळजात धस्स होणार नाही.

आता तोच शर्ट पुन्हा बघा. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा, बारीक पांढऱ्या उभ्या रेषा. डाव्या खिशाच्या तळाशी शाईचा डाग. कॉलरच्या आत टेलरचं लेबल, त्यावर हिंदीत दुकानाचं नाव आणि गाव. वरून दुसरं बटण बाकीच्यांहून जरा मोठं, आणि ते काळ्या दोऱ्यानं टाकलेलं, इतर बटणं पांढऱ्या दोऱ्याची. ते बटण कुणीतरी घरी लावलं आहे. ज्या हातांनी लावलं, त्या हातांना ते वाचताच कळेल.

नव्या माणसानं माझं एवढं एक ऐकावं: चेहऱ्यावर विसंबू नका. मृत्यूनंतर चेहरा सगळ्यात आधी बदलतो. पाण्यातून काढलेलं शरीर फुगतं, कातडी काळवंडते, तिशीतला माणूस पन्नाशीचा दिसतो. रंग ‘सावळा’ लिहिलेला असतो तो अनेकदा मृत्यूनंतरचा असतो. वजन आणि बांधाही फसवतो. सख्खा भाऊ समोर उभा राहून ‘हा नाही’ म्हणतो आणि नंतर कपड्यांवरून तोच निघतो. उलटही होतं, दुःखानं खचलेलं कुटुंब भलत्याच माणसाला आपला म्हणतं. म्हणून वय मोठ्या फरकानं लिहा, उंचीला दोन-तीन इंचांची मोकळीक ठेवा, आणि भर द्या तो न बदलणाऱ्या गोष्टींवर.

कपडे आतून-बाहेरून बघायला सांगा. टेलरचं लेबल शर्टच्या कॉलरमध्ये असतं, पँटच्या कमरपट्टीतही असतं. लॉण्ड्रीची खूण, रफू, ठिगळ, उसवून सैल केलेली शिवण, सगळं लिहा. साडी असेल तर काठ आणि पदर वेगळे नोंदवा, ब्लाउजला हूक पुढे की मागे, अस्तर कुठल्या रंगाचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, इमारतींच्या साइटवर ठेकेदाराचं नाव छापलेली जाकिटं देतात. सुरक्षारक्षकाच्या गणवेशावर एजन्सीचा बिल्ला असतो. बिल्ला निघाला तरी शिवणीच्या खुणा राहतात. चपलेचा नंबर, कंपनी आणि टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे तेही. लंगडून चालणाऱ्याची एकच चप्पल जास्त झिजते, आणि घरच्यांना ते लंगडणं माहीत असतं.

खिशातल्या चिटोऱ्यांना कचरा समजू नका. कागदी तिकिटावर कुठून, कुठे, तारीख आणि वेळ असते. म्हणजे माणूस शेवटचा कुठल्या स्टेशनात होता ते कळतं. रेल्वे पास असेल तर उत्तमच. बसचं तिकीट, किराणा दुकानाची पावती, दवाखान्याचा केसपेपर, गोळ्यांची पट्टी, किल्ल्या, नंबर लिहिलेली सिगारेटच्या पाकिटाची आतली बाजू. मोबाइल फुटलेला असला तरी सिमकार्डावरचा क्रमांक पोलिसांना उपयोगी पडतो. हे सगळं आपण हाताळायचं नाही, तो मुद्देमाल असतो. पोलिसांनी दाखवलं की टिपून घ्यायचं. गोळ्यांबाबत एक सावधगिरी: त्या एचआयव्हीच्या असतील तर ही गोष्ट फक्त तपासी अंमलदाराला सांगा, कुठल्याही वर्णनात लिहू नका. ती माहिती गुप्त ठेवण्याला २०१७ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि माणूस गेल्यावरही त्याच्या घरच्यांना त्याच गावात राहायचं असतं.

शरीरावरच्या खुणांत गोंदणाला तोड नाही. अक्षरं असतील तर ज्या लिपीत आहेत तशीच, चुकलेल्या शुद्धलेखनासकट उतरवून घ्या. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यातला फरक घरच्यांना ठाऊक असतो. नाव बंगाली, तेलुगू किंवा कानडीत असेल आणि वाचता येत नसेल तर अंदाज न करता चित्रासारखं काढा आणि जाणत्याला दाखवा. हातावर नवऱ्याचं नाव, मनगटावर ठिपके, कपाळावर किंवा हनुवटीवर हिरवं गोंदण, दंडावर ‘जय भीम’ किंवा ‘आई’, देवाचं चित्र, विंचू, सगळं बाजू आणि जागेसह लिहा. १९९२ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये एका तरुणीचा खून झाला होता आणि तिची ओळख एकतीस वर्षं पटली नव्हती. २०२३ मध्ये इंटरपोलनं अशा महिलांची माहिती लोकांसमोर ठेवली, त्यात तिच्या हातावरच्या काळ्या फुलाच्या गोंदणाचं चित्र होतं. ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांनी बातमीत ते फूल बघितलं आणि ओळखलं. त्यांना चेहरा दाखवावा लागला नाही.

दंडावरच्या लसीच्या खुणेवरून वयाचा थोडा अंदाज बांधता येतो. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला आणि त्यानंतर लहान मुलांना देवीची लस देणं थांबलं. देवीची मोठी, पसरट खूण असेल तर माणूस पंचेचाळीसच्या पुढचा असण्याची शक्यता जास्त. पण डाव्या दंडावर क्षयाच्या लसीचा छोटा व्रण तरुणांनाही असतो. दोन्हींत गल्लत होते, म्हणून ‘देवीची खूण’ असं स्वतःच्या मनानं लिहू नका, आकार आणि जागा लिहा. शस्त्रक्रियेचे व्रण, हाडात घातलेली पट्टी किंवा सळई, कवळी, किडलेले-पडलेले दात, तंबाखूनं रंगलेले दात, कान टोचल्याच्या खुणा, करगोटा, ताईत आणि त्याच्या दोऱ्याचा रंग, जोडवी, पैंजण, बांगड्यांचा रंग. हातांच्या तळव्यांवरून काम कळतं: सिमेंटनं चिरलेले तळवे, वेल्डिंगचे बारीक चटके, नखांत मुरलेला रंग.

हे सगळं टिपलं की एक खूण मुद्दाम बाजूला ठेवा आणि कुठेही जाहीर करू नका. बटणाची, गोंदणाची, काहीही. रेल्वे अपघातातल्या मृत्यूला २०१७ पासून ८ लाख रुपये भरपाई मिळू शकते, त्यामुळे खोटा दावा होण्याची भीती असतेच. दावा करणाऱ्यानं ती न सांगितलेली खूण स्वतःहून सांगितली तर गोष्ट पक्की व्हायला मदत होते. कुठली खूण राखून ठेवायची ते पोलिसांबरोबर बसून ठरवा.

याद्या ताडून बघणं

प्रत्येक प्रकरणाची ओळख म्हणून पोलीस ठाण्याचं नाव आणि अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक वर्षासह लिहा. गटागटानं आपापले क्रमांक पाडू नका, दुसऱ्या पोलीस ठाण्यात ते कुणालाच कळत नाहीत. सापडल्याची तारीख आणि मृत्यूची अंदाजे तारीख हे दोन वेगळे रकाने ठेवा.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह अशा दोन याद्या बघता येतात. रोज थोडा वेळ त्या चाळणं हे घरबसल्या करता येण्यासारखं आणि अतिशय मोलाचं काम आहे. मुंबई लोहमार्ग पोलिसांनी ‘शोध’ नावाचं संकेतस्थळ याच कामासाठी सुरू केलं होतं. माणूस उत्तरेकडचा वाटत असेल तर दिल्ली आणि आजूबाजूच्या राज्यांच्या पोलिसांचं ‘झिपनेट’ बघा. लहान मुलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ पोर्टल आहे.

शोधताना नावानं सुरुवात करू नका, नाव तर आपल्याकडे नाहीच. स्त्री की पुरुष, वयाचा मोठा पट्टा आणि हरवल्याची तारीख मृत्यूच्या आधीची, एवढ्यावर चाळा आणि मग एकेक तक्रार वाचा. तक्रारीतली भाषा वेगळी असते. बायको ‘आकाशी’ म्हणते, पंचनाम्यात ‘निळा’ लिहिलेलं असतं. घरचे म्हणतात पस्तीस, पंचनाम्यात पन्नास. असे फरक आडवे आले म्हणून प्रकरण बाजूला टाकू नका. उलट न बदलणारी एक गोष्ट, म्हणजे गोंदण, तुटलेला दात किंवा हाडातली सळई, विसंगत निघाली तर बाकी सगळं जुळूनही थांबा.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. पुष्कळ कुटुंबं तक्रारच देत नाहीत. ‘चोवीस तास थांबा’ असं कुणीतरी सांगतं आणि ती परत जातात. तसा नियम नाही. हरवल्याची तक्रार लगेच आणि कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं आहे. कुणी नोकरीसाठी गावाहून आलेला असेल तर गावाकडच्यांनी तिकडे आणि इथल्यांनी इथे, दोन्हीकडे नोंद करावी. वस्तीतल्या बैठकीत, मजूर नाक्यावर हे सांगत राहा. मृतदेहाच्या कागदाला जोडी मिळायला तक्रारीचा कागद आधी अस्तित्वात यायला हवा.

आधार, बोटांचे ठसे, डीएनए

‘आधारच्या मशीनवर बोट लावलं की नाव येईल’ असं लोक हमखास म्हणतात. तसं होत नाही. आधारची पडताळणी म्हणजे दिलेल्या क्रमांकाशी बोट जुळतं का हे बघणं. क्रमांकच माहीत नसताना कोट्यवधी नोंदींत एक बोट शोधायला प्राधिकरण तयार नसतं, आणि न्यायालयांतही त्यांनी हीच भूमिका मांडली आहे. निवारागृहातल्या जिवंत व्यक्तीचं नवं आधार काढताना जुनी नोंद निघून घर सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे हा समज पसरला असावा. कुटुंबाला खोटी आशा लावू नका.

पोलीस घेतात ते ठसे आरोपींच्या नोंदींशी ताडले जातात. राज्यात ‘अँबिस’ आणि देशपातळीवर ‘नाफिस’ अशा यंत्रणा आहेत. ज्याला कधी अटकच झाली नाही त्याचं नाव तिथून निघणार नाही.

डीएनए सगळ्यात खात्रीचं, पण त्यालाही दुसरी बाजू हवी. देशात हरवलेल्यांच्या नातेवाइकांच्या डीएनएचा कुठलाही कायदेशीर साठा नाही. त्यासाठीचं विधेयक सरकारनं जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतलं. म्हणून आधी कपड्या-खुणांवरून कुटुंबापर्यंत पोचायचं आणि मग पोलिसांमार्फत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणी होते. रक्ताचा नमुना आई-वडील किंवा मुलांचा सगळ्यात उपयोगी. भावंडांचा चालतो, पण निष्कर्ष तेवढा ठाम नसतो. नवरा-बायकोचा एकमेकांसाठी उपयोग नाही. अंत्यसंस्कारापूर्वी दात किंवा हाडाचा नमुना राखून ठेवला आहे ना, हे तपासी अंमलदाराला नम्रपणे आणि पुन्हा पुन्हा विचारा. आणि शक्य असेल तिथे दहनाऐवजी दफन व्हावं असा आग्रह धरा. पुढे कुणी आलं तर वाट उरते.

फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप

छिन्न चेहऱ्याचा फोटो गटांमध्ये फिरवणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपराध मी मानते. तो आधी मुलांच्या मोबाइलवर पोचतो, कधी कधी त्याच माणसाच्या मुलांच्या. कपडे, चप्पल, ताईत, गोंदण यांचे फोटो पोलिसांच्या परवानगीनं टाका. चेहरा टाकायचाच असेल तर तो पोलिसांनीच तयार केलेल्या शोधपत्रिकेतला. हल्ली चेहऱ्याला संगणकावर ‘जिवंत’ करून डोळे उघडलेलं चित्र बनवतात. त्यात यंत्र स्वतःच्या मनानं डोळे, ओठ, हसू भरतं, आणि खऱ्या माणसाची आई ते बघून ‘हा माझा नाही’ म्हणून निघून जाते. ते करू नका.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल किंवा मृत व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर काहीही जाहीर करायचं नाही. दोन्हीकडे ओळख उघड करण्यावर कायद्याचं बंधन आहे. अशा वेळी पोलीस ते पोलीस एवढाच मार्ग.

कुटुंबाचा फोन आला तर

शोधपत्रिकेवर संपर्क पोलीस ठाण्याचाच असावा. तरीही लोक तुम्हाला शोधून काढतील. त्या वेळी आपल्याकडचं वर्णन वाचून दाखवायचं नाही. ‘ताई, त्याच्या अंगात निळा शर्ट होता का?’ असं विचारलं की घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी म्हणा, ‘ताई, घरातून निघताना भावाच्या अंगावर काय होतं ते तुम्हाला आठवेल तसं सांगा. घाई नाही.’ मग गप्प राहून लिहून घ्या. ‘अंगावर कुठे खूण, गोंदण, ऑपरेशन?’ ‘दात कसे?’ ‘चप्पल कुठली घालायचा?’ आणि शेवटी तक्रार कुठे, कधी दिली.

जुळतंय असं वाटलं तरी आवाजात येऊ देऊ नका. ‘मी हे साहेबांना देते, ते तुम्हाला आज फोन करतील’ एवढंच सांगा, आणि खरोखर त्याच दिवशी द्या. मृत्यूची बातमी देण्याचं काम पोलिसांचं आहे. मात्र घरच्यांना ओळख पटवायला बोलावलं असेल तर सोबत जायला विचारा. पाणी, रिक्षा, गावाहून येणाऱ्यांची रात्रीची सोय, शवागाराबाहेरच्या बाकावर बसायला कुणी, याची फार गरज असते. आत चेहरा बघण्याआधी कपडे दाखवावेत अशी विनंती अंमलदाराला करा. बहुतेक जण ऐकतात.

रात्री झोप लागेनाशी झाली, वास नाकातून जाईना, तर काही दिवस फक्त याद्यांचं काम घ्या आणि गटात कुणाला तरी सांगा. एकट्यानं हे काम कुणीही वर्षानुवर्षं करू नये.

ओळख पटल्यावर

कुटुंबाला पुढे कागदांसाठी खूप हिंडावं लागतं. त्यांना अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत आणि मृतदेह किंवा मुद्देमाल ताब्यात दिल्याची पावती मिळेल असं बघा. मृत्यूचा दाखला माणूस जिथे राहत होता तिथला नव्हे, मृत्यू जिथे नोंदला गेला तिथल्या महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो. नोंद ‘अनोळखी’ म्हणून आधीच झाली असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. त्यासाठी पोलिसांचं पत्र लागतं. हा दाखला नसेल तर विमा, पेन्शन, बँक, घरभाडं, विधवेचं अनुदान सगळं अडतं, आणि माणूस सापडलाच नाही तर कायद्यानं मृत मानायला सात वर्षं थांबावं लागतं. रेल्वे अपघात असेल तर भरपाईचा अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. त्यासाठी दलालाऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, हे आवर्जून सांगा.

अंत्यसंस्कार आधीच झाले असतील तर कुठे, कुठल्या तारखेला, दहन की दफन हे शोधून कुटुंबाला द्या. स्मशानभूमीच्या नोंदवहीत ते असतं.

मग आपल्या याद्या दुरुस्त करा. जिथे जिथे शोधपत्रिका टाकली होती तिथून ती काढा, स्टेशनबाहेर चिकटवलेली असेल तर ती उतरवा, ज्यांना पाठवली त्यांना कळवा. कळवताना ‘ओळख पटली आहे, आता पुढे पाठवू नये’ एवढंच लिहा. नाव, गाव आणि मृत्यूचं कारण त्यात घालू नका.